बंद चाल

माझं काम तोलाराचं, सांगलीच्या मार्केट यार्डात.
सकाळी सातपासून हळदीची पोती काट्यावर चढतात.
काटा थरथरतो, थांबतो, मग मी आकडा ओरडतो.
घेणाऱ्याला तो जास्त वाटतो, देणाऱ्याला कमी.
मला काहीच वाटायचं नसतं.

दस्तगीर सतारमेकर मिरजेहून येतो.
दिवसभर तंबोऱ्याची घोडी घासतो,
कान लावतो, पुन्हा घासतो, केसभर.
म्हणून घोडा त्याचाच चांगला, असं मंडळात म्हणतात.
वहीत मात्र दहा वर्षांचे सव्वीस डाव आहेत:
अकरा त्याचे, अकरा माझे,
चार असे की दोघंही हात झटकून उठलो.

त्या मे महिन्यात शेवटची फेरी, नववा पट.
बक्षिसाच्या टेबलापासून इतका लांब
की तिथला स्टीलचा डबाही नीट दिसत नव्हता.
बघायला कोण? पंचांचा पुतण्या अक्षय्य,
तोही पंख्याखाली जागा होती म्हणून.

त्याची पांढरी, माझी काळी.
बाराव्या चालीला वजीर गेले, समोरासमोर,
जसे दोन व्याही एकदम उठतात पंगतीतून.
मग उंट. मग हत्ती, एकेक करून.
त्याचा तो नावाजलेला घोडा
मी माझ्या घोड्यानं घेतला, त्यानं तो राजानं.
उरले दोन राजे, चार-चार प्यादी,
आणि माझ्या प्याद्यांची डोकी पिवळी,
हळद लागलेल्या नवऱ्यांसारखी.
बोटं कितीही धुतली तरी मार्केट जात नाही.

चाळीस चाली झाल्या. पंच म्हणाले, उद्या सकाळी आठला.
दस्तगीरनं हाताचा आडोसा केला,
कागदावर एक चाल लिहिली,
पाकिटात घातली, डिंक जिभेनं ओला केला.
मी छताकडे बघत होतो. खरंच बघत होतो.

स्टँडपर्यंत त्याच्यासोबत चालत गेलो.
भोपळे यंदा पातळ सालीचे निघाले, तो म्हणाला.
हळदीला भाव बरा आहे, मी म्हणालो.
डावाचं नाव नाही.
दोघांच्या मधून ते पाकीटच चालत होतं.
साडेनवाची शेवटची मिरज बस हलली,
आणि खिडकीतून त्यानं हात केला,
घड्याळाचं बटण दाबावं तसा.

रात्रभर मी पाटावर शेंगदाणे मांडून बसलो.
सोललेले माझे, टरफलासकट त्याचे.
तो प्यादं पुढे टाकेल: उत्तर आहे.
दुसरं प्यादं: त्यालाही आहे.
मारामारी केली तर एक चालीनं मीच आधी वजीर करतो.
तीन वाजता बायको उठली,
त्याचं एक प्यादं खाल्लं,
आणि म्हणाली, झोपा आता, जिंकलात.

सकाळी पंचांनी पाकीट फाडलं.
राजा. एक घर मागे.

एवढंच. ना शह, ना धमकी.
पण आता चाल माझी होती,
आणि माझ्याकडे हलण्यासारखं काही नव्हतं.
प्यादं हलवलं तर प्यादं जातं,
राजा हलवला तर त्याचा राजा आत येतो.
काटा बरोबर मध्यावर उभा असतो ना,
तेव्हा त्यावर बसलेली माशीसुद्धा वजन असते.
तसा मी. मला फक्त बसून राहायचं होतं,
आणि नियमात बसून राहणं नाही.

एकोणचाळीस मिनिटं बसलो.
मग हलवलं. मग हरलो, चौपन्नाव्या चालीला.
वहीत त्याच्या नावापुढे बारा लिहिले,
माझ्याच हातानं.

बाहेर कटिंग घेताना विचारलं,
सापडली कशी ती चाल? किती वेळ लागला?
त्यानं बशी फुंकली.
म्हणाला, सापडली कुठली.
बस चुकली असती. हाताला आली ती लिहिली.

त्याचा चेहरा म्हणजे न रंगवलेला भोपळा.
खरं बोलतोय की खोटं,
दहा वर्षांत मला तोलता आलेलं नाही.